पावसाळा सरल्यावर सह्याद्रीत कसे चालावे आणि डोंगरातल्या मंडळींशी नाते कसे टिकवावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेले काही पावसाळे आपण पुण्यातल्या एका ग्रुपबरोबर लोहगड, तिकोना, राजगड असे गड केले; परंतु ऑक्टोबर लागला की ग्रुप थंडावतो, ओळखी विरतात आणि बूट पुढच्या जूनपर्यंत माळ्यावर जातात. हिवाळ्यात चालण्यासाठी वेगळी तयारी लागते का, पैसे भरून येणारा पाहुणा न राहता या मंडळींतलेच एक कसे होता येईल आणि हिवाळ्यात एकट्याने जावे का, असे आपण विचारले आहे.

यांपैकी मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे त्याच्या ओघात येते. एखाद्याने किती गड केले याची डोंगरातली जुनी मंडळी फारशी चौकशी करत नाहीत. तो कोणते काम अंगावर घेतो आणि ते शेवटपर्यंत धरून ठेवतो का, याकडे त्यांचे लक्ष असते. ही कामे बहुतेक सगळी हिवाळ्यातच होतात: गडावरच्या पाण्याच्या टाक्यांतला गाळ उपसणे, टेकडीवरची रोपे जगवणे, नव्या मुलांना दोराचे प्राथमिक शिक्षण देणे, पावसाने मोडलेल्या वाटा पुन्हा चालून पाहणे. पावसाळी गर्दी ओसरल्यावर जे थोडे लोक डोंगरात उरतात, त्यांच्यातच खरी ओळख होते. त्यामुळे आपण ज्याला शांत काळ म्हणता, तो ग्रुपच्या चॅटपुरताच शांत असतो.

आता हंगामाविषयी. सह्याद्रीतला हिवाळी हंगाम ढोबळमानाने दिवाळी ते शिमगा असा धरावा, मात्र हा काळ सलग एकसारखा नसतो. दिवाळीच्या सुमारास गवत अजून कमरेच्या वर असते, त्याखालची वाट दिसत नाही, ओढे वाहते असतात आणि मावळातली माणसे भाताच्या कापणीत आणि झोडणीत गुंतलेली असतात. नोव्हेंबरातल्या एखाद्या रविवारी वाटाड्या हवा म्हणून वेल्ह्याकडच्या वाडीत आपण अचानक जाऊन उभे राहिलात, तर घरात म्हातारीकोतारी तेवढी भेटतील. बाकी सगळे खळ्यावर असतील आणि त्यांना तिथून उठवून नेणे मला तरी प्रशस्त वाटत नाही. भात घरात आले, गवत कापून वैरणीसाठी रचले गेले, गुरांची आणि माणसांची ये-जा सुरू झाली, की डिसेंबरच्या सुमारास वाटा मळू लागतात. तिथून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांचा, सुळक्यांवरच्या प्रस्तरारोहणाचा आणि लांब पल्ल्याच्या चालीचा. फेब्रुवारीत पाणी आटते, दुपारचे ऊन भाजू लागते आणि वणव्यांचे दिवस येतात. तेव्हा पहाटे निघून अकराच्या आत उतरता येतील असेच गड निवडावेत.

थंडीविषयी पुण्यात दोन टोकांचे गैरसमज आहेत. सह्याद्रीत कसली आली आहे थंडी, असे काही जण म्हणतात, तर काही जण हिमालयाची सगळी खरेदी पाठीवर घेऊन सिंहगड चढतात. प्रत्यक्षात काय होते ते पाहू. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, राजगड १,३७६ मीटर आणि तोरणा १,४०३ मीटर. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होते, हे गणित मांडून माथ्यावर कडाका आणि पायथ्याशी ऊब असे लोक गृहीत धरतात. दिवसा किंवा वारा सुटलेला असताना हे गणित बरेचसे जुळते. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री मात्र ते उलटते. जमीन आपली उष्णता मोकळ्या आकाशात टाकून गार होते, तिच्या लगतची हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि खोऱ्यात साचते. त्यामुळे पहाटे गुंजवणी नदीच्या काठच्या शेतात राजगडाच्या माचीपेक्षा, म्हणजे माथ्याखालच्या तटबंदीच्या सपाटीपेक्षा, जास्त गारठा असू शकतो. म्हणून हिवाळ्यात मुक्कामाची जागा ओढ्याच्या काठी किंवा खोलगटात धरू नये, किंचित उंचावर, वाऱ्याच्या आडोशाला आणि शक्यतो झाडाखाली किंवा छपराखाली धरावी. उघड्यावर झोपणाऱ्याची स्लीपिंग बॅग पहाटेपर्यंत दवाने ओलीचिंब होते. त्याच माळावर दहा पावलांवर आंब्याखाली झोपलेल्याची कोरडी राहते. जमिनीकडून येणारा गारवा वरच्या हवेपेक्षा जास्त छळतो, त्यामुळे पांघरूण थोडे हलके असले तरी चालेल, पण अंगाखालची कॅरीमॅट चांगली हवी.

खरा त्रास होतो तो घामाने. पहाटे कुडकुडत निघालेला माणूस जॅकेट घालूनच चढू लागतो, अर्ध्या तासात आतला टीशर्ट भिजतो आणि खिंडीत पोहोचून वारा लागला की दात वाजू लागतात. निघताना थोडी थंडी वाजत असेल एवढेच कपडे अंगावर ठेवावेत, थांबल्याबरोबर विंडचीटर चढवावे, आणि रात्रीसाठीचा कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी ठेवावा. कितीही मोह झाला तरी तो मुक्कामाआधी बाहेर काढू नये. सुती कपडा घाम धरून ठेवतो, म्हणून चालताना तो टाळावा. कानटोपीला मात्र पर्याय नाही, आणि ती आजीने विणलेली असली तरी उत्तम चालते.

ओल आणि वारा एकत्र आले तर आपल्याकडची थंडीसुद्धा जिवावर बेतते. डिसेंबर २०२१ च्या आरंभी झालेल्या अवकाळी पावसात आणि गार वाऱ्यात जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांत मेंढपाळांची शेकडो मेंढरे दगावली होती. लोकर असलेल्या जनावराची ही गत, तर भिजलेल्या टीशर्टातल्या माणसाविषयी काय सांगावे! अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र असल्याची बातमी असेल, तर हिवाळ्यातला मुक्काम निमूटपणे पुढे ढकलावा. ट्रेकमधला एखादा सोबती अकारण गप्प झाला, अडखळू लागला, बोलताना त्याची जीभ जड झाली, तर तो दमला आहे असे समजून पुढे ओढू नये. ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत, आडोशाला बसवून काही गरम आणि गोड द्यावे आणि उतरण्याचा निर्णय घ्यावा.

यानंतर उजेडाचा हिशेब. डिसेंबरच्या उत्तरार्धात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे हाताशी जेमतेम अकरा तास असतात, आणि नाळेत, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीत, किंवा दाट रानात त्यातलेही दोन-अडीच तास कमी होतात. राजगडावरून संजीवनी माचीच्या अळू दरवाजाने उतरून डोंगराच्या धारेवरून तोरण्याची बुधला माची गाठणे हा आपल्याकडचा हिवाळ्यातला आवडता पल्ला. त्याला ग्रुपच्या चालीनुसार सहा ते आठ तास लागतात. धारेवर पाण्याची खात्री नसते आणि शेवटचा चढ नेमका दमलेल्या पायांनी आणि कलत्या उन्हात चढावा लागतो. राजगडावरून उशिरा निघणारे ग्रुप अंधारात तोरण्याला लागतात, त्याचे कारण हेच. सातला धारेवर असावे.

उजेडाबरोबर उताराची दिशाही पाहावी. सह्याद्रीचा मुख्य कडा कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे सकाळी उशिरापर्यंत त्या अंगाला सावली असते आणि दुपारनंतर तोच कडा तापलेल्या तव्यासारखा होतो. केळदहून मढे घाटाने कोकणात उतरून उपांड्या घाटाने परत यायचे असेल, तर उतरणे भल्या सकाळी आटोपून चढाई ऊन कड्यावर येण्यापूर्वी संपवावी. हे जमणार नसेल तर खाली कर्णवडी गावात सावलीला थांबून ऊन कलल्यावर चढावे, पण मग हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवा. मोबाइलच्या उजेडात नाळ चढणे हा शुद्ध वेडेपणा आहे, कारण एक हात त्यातच अडकतो.

घसाऱ्याबद्दल, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उताराबद्दल, थोडे विस्ताराने लिहितो, कारण पावसाळी ट्रेकवरून आलेल्या माणसाची हिवाळ्यात सर्वाधिक फजिती इथेच होते. पावसात कातळ शेवाळाने निसरडा असतो. हिवाळ्यात कातळ कोरडा आणि विश्वासाचा, पण वाट दगा देते. चिखल वाळून त्याची माती होते, तिच्यावर मुरूम आणि बारीक खडे मोकळे पडलेले असतात, आणि त्यावर वाळलेल्या गवताच्या काड्या आडव्या झालेल्या असतात. अशा उतारावर नवखा माणूस घाबरून मागे कलतो, वजन टाचांवरून निसटते आणि तो बसतो. करायचे ते नेमके उलट: गुडघे किंचित वाकवून वजन पायाच्या बरोबर वर ठेवायचे, पाऊल लहान टाकायचे, उतार फारच तीव्र असेल तर डोंगराकडे कूस करून आडवे उतरायचे आणि गवत पकडायचेच झाले तर त्याच्या बुडाशी, मूठभर एकत्र पकडायचे. कारवीच्या वाळक्या काठ्यांचा आधार घेऊ नये, त्या कडकन मोडतात. नाळेत एका वेळी एकच जण हलावा, बाकीच्यांनी सरळ खाली न थांबता कडेच्या आडोशाला थांबावे आणि दगड सुटला तर तो कितीही लहान असला तरी मोठ्याने ‘दगड!’ असे ओरडावे. ओरडायला लाजणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या खाली मी उभा राहत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे अवघड टप्प्यांवर कोणीतरी पूर्वी बांधून ठेवलेले दोर. उन्हाने आणि पावसाने त्यांचे तंतू कमकुवत झालेले असतात, बाहेरून ते कळत नाही. अशा दोरावर भार टाकू नये. टप्प्याला दोर लागणार असेल तर तो आपला असावा आणि तो बांधणारा माणूस शिकलेला असावा.

पाण्याबाबत इतकेच सांगतो की थंडीत तहान कमी लागते, गरज तितकी कमी होत नाही. माणशी तीन लिटर घेऊन निघावे आणि टाक्याचे पाणी गाळून, उकळून किंवा गोळी टाकून प्यावे. शेकोटीला माझा स्पष्ट विरोध आहे. वाळलेल्या गवतात एक ठिणगी पुरते, वणवा एका रात्रीत डोंगराची आख्खी बाजू खातो आणि त्यात जमिनीवरची घरटी, रोपे, गावाची वैरण सगळे जाते. चहा-मॅगीसाठी गॅसचा छोटा स्टोव्ह मोकळ्या कातळावर लावावा. किल्ल्यांवर आणि अभयारण्यांत मुक्कामाचे व आगीचे नियम वेळोवेळी बदलत असतात, म्हणून निघण्याआधी गावात आणि वनखात्याच्या चौकीत विचारावे.

पाऊस सरला की कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळे लोंबू लागतात. या माशा सुगंधी स्प्रे, धूर, आरडाओरडा आणि दगड यांनी चवताळतात, आणि अलीकडे कड्यालगत उडवलेल्या ड्रोननेही. मोहोळ दिसले तर शांतपणे आणि एका मागोमाग एक असे त्याखालून निघून जावे. सेल्फीसाठी थांबू नये. हल्ला झालाच तर हात झाडत बसू नये, चेहरा आणि मान कापडाने झाकून पायाखालची वाट पाहत शक्य तितक्या लांब जावे, कारण कड्याजवळ आंधळेपणाने पळून दरीत पडण्याची भीती दंशाइतकीच मोठी आहे. लांब गेल्यावर काटे लगेच नखाने खरवडून काढावेत. ओठ-जीभ सुजणे, श्वास लागणे, चक्कर येणे यांपैकी काही दिसले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. सापांविषयी थोडक्यात सांगायचे तर हिवाळ्यात ते नसतात हा समज चुकीचा आहे. घोणसाचा मीलनकाळ थंडीतच असतो, आणि पाचोळ्यात तो दिसत नाही. जुन्नरच्या बाजूला हडसर-चावंडकडे पहाटे जात असाल, तर ऊसतोडीच्या दिवसांत शेतालगतच्या रस्त्याने एकेकट्याने चालू नये, एकत्र आणि बोलत चालावे; बिबट्याचे घरच तिथे आहे.

आता पुन्हा माणसांकडे वळतो. सुरुवात आपल्या घराजवळच्या टेकडीपासून करावी, असा माझा आग्रह आहे. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, बाणेरची टेकडी या ठिकाणी वर्षानुवर्षे रोज सकाळी येणारी मंडळी आहेत आणि त्यांच्यातच पुण्यातले अनेक पट्टीचे डोंगरभटके सापडतात. पावसाळ्यात झाडे लावणाऱ्यांचे फोटो सगळीकडे दिसतात. डिसेंबर ते मे या काळात त्या रोपांना पाणी घालणारे थोडे असतात, आणि रोप जगते ते त्यांच्यामुळे. पाच लिटरचा कॅन घेऊन आठवड्यातून दोन दिवस ठरलेल्या वेळी टेकडी चढायला लागा. वजन घेऊन चढण्याचा सराव होईल, आणि महिनाभरात तिथले आजोबा तुमच्या नावाने हाक मारू लागतील. मग कोणत्या घाटवाटेला या रविवारी कोण निघाले आहे, हे तुम्हाला ग्रुपच्या जाहिरातीतून कळण्याची गरज उरत नाही. सिंहगडाचेही तसेच आहे. आतकरवाडीच्या पायवाटेने पहाटे नियमित चढणाऱ्यांत डॉक्टर, रिक्षाचालक, निवृत्त शिक्षक, एव्हरेस्टची तयारी करणारी मुले असे सगळे असतात. तिथे रविवारी नव्हे, मधल्या वारी जावे. रविवारची गर्दी भजी-दह्यासाठी आलेली असते, आणि त्यात वाईट काही नाही, पण ओळखी तिथे होत नाहीत.

दुसरा मार्ग दुर्गसंवर्धनाचा. यात उत्साहापेक्षा शिस्त महत्त्वाची आहे. लोहगड, विसापूर, शिवनेरी हे किल्ले केंद्रीय पुरातत्त्व विभागाकडे आहेत, तर राजगड, तोरणा, सिंहगड राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे. त्यांच्या परवानगीशिवाय तिथला एक दगडही हलवता येत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत पुणे जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड आहेत, त्यामुळे इथून पुढे हे नियम अधिक काटेकोर होणार, हे गृहीत धरावे. म्हणून स्वतःच चार मित्र जमवून फावडी घेऊन निघू नये. परवानगी घेऊन रीतसर मोहिमा करणाऱ्या संस्थेबरोबर जावे.

टाके उपसण्याची मोहीम कशी चालते ते सांगतो, म्हणजे मी हे का सुचवतो ते कळेल. दोन-तीन माणसे टाक्यात उतरून गाळ घमेल्यात भरतात, कोरीव पायऱ्यांवर उभ्या केलेल्या साखळीतून घमेली वर येतात, रिकामी घमेली दुसऱ्या बाजूने खाली जातात. गाळ जिथे पसरतात तिथे जाणते दोघे-तिघे बसून तो हाताने चाळतात; खापराचे तुकडे, एखादे नाणे, लोखंडी वस्तू निघाली तर कोणत्या थरातून निघाली याची नोंद करून ती खात्याकडे द्यायची असते. नवख्या माणसाला साखळीत उभे करतात. डावीकडून घमेले घ्यायचे, उजवीकडच्याला द्यायचे, एवढेच काम तासन्‌तास करायचे. पाठ मोडते, पण दोन्ही बाजूंच्या माणसांची नावे, गावे, कोणत्या वाटा त्यांनी केल्या, कोणाच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, हे सारे त्या वेळात कळते. दुपारी भाकरी-पिठल्याला सगळे एकत्र बसतात तेव्हा तुम्ही परके राहिलेले नसता. एकाच गडावर पुन्हा पुन्हा जाणाऱ्या पथकात सामील व्हा. दर महिन्याला वेगळ्या गडावर झाडलोट करून फोटो टाकणाऱ्या पथकातून फारसे काही हाती लागत नाही. ३१ डिसेंबरच्या रात्री काही संस्था गडांच्या वाटांवर पहारा देतात, दारूच्या बाटल्या वर जाऊ नयेत म्हणून. त्या रात्री पार्टीचे आमंत्रण नाकारून जो तिथे येतो, त्याच्याविषयी वेगळे काही विचारावे लागत नाही.

तिसरा मार्ग शिक्षणाचा आहे. पुण्यातल्या गिरिप्रेमी या १९८२ पासून काम करणाऱ्या संस्थेने २०१२ साली एव्हरेस्टची मोठी नागरी मोहीम यशस्वी केली आणि पुढे गिर्यारोहण शिक्षणाची संस्थाही उभी केली. इतरही जुन्या संस्था हिवाळ्यात प्रस्तरारोहणाची आणि प्रथमोपचाराची शिबिरे घेतात. ज्यांना पुढे जायचे असेल त्यांच्यासाठी उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था आहेच. पण सगळ्यांनी गिर्यारोहक होण्याची गरज नाही. गाठी बिनचूक मारता येणारा, जखम बांधता येणारा आणि शेवटी चालून मागे पडलेल्यांना सांभाळणारा माणूस कोणत्याही ग्रुपला हवाच असतो. शेवटी चालण्याचे काम आपणहून मागून घ्यावे. पुढे चालणाऱ्याला डोंगर दिसतो. मागच्याला माणसे कळतात, कोणाचा पाय लचकला आहे, कोण पाणी प्यायलेले नाही, कोण घाबरले आहे. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकांत सगळे स्वयंसेवकच असतात आणि ते हाक येईल तेव्हा आपापली कामे टाकून निघतात. अशा कामाचे दुरून कौतुक करण्यापेक्षा त्यांच्या सरावाला, परवानगी मिळाली तर, सामान उचलायला जाऊन पाहावे.

वाटेची खबर ठेवणे आणि ती पुढच्याला देणे हे काम कोणालाही करता येते आणि फार थोडे लोक नीट करतात. बहुतेकांच्या वर्णनात ‘थरारक’, ‘स्वर्गीय’ असे शब्द असतात आणि पाणी कुठे होते ते नसते. त्याऐवजी असे लिहावे: ‘खिंडीनंतरच्या दुसऱ्या ओढ्याला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाणी होते, बाटली भरण्यापुरतेच. पुढे वाट दोन ठिकाणी फुटते. डावीकडची ढोरवाट आहे, ती गवतात संपते. कातळाच्या टोकाला मोहोळ आहे, उजवीकडून जावे.’ तारीख, ग्रुपमध्ये किती जण होते आणि त्यांना किती वेळ लागला, हे जोडले की पुरे. धोकादायक वाटेचा जीपीएस ट्रॅक सरसकट सर्वांना वाटण्याच्या मी विरोधात आहे. विचारणाऱ्याशी बोलावे, त्याचा अनुभव जोखावा आणि मग द्यावा. दगडांवर रंगाने बाण काढण्याचा प्रकार तर अजिबात करू नये.

गावाशी असलेले नाते हा याच मंडळींचा भाग आहे, किंबहुना पहिला भाग. वाटाड्याला आधी फोन करून त्याच्या सवडीने तारीख ठरवावी, मजुरी निघण्यापूर्वी बोलून घ्यावी आणि उतरल्यावर घासाघीस करू नये. जेवण सांगितले असेल आणि ग्रुपमधले चौघे गळाले, तरी सांगितलेल्या ताटांचे पैसे द्यावेत, कारण तांदूळ शिजलेला असतो. मामा, मावशी म्हणून हाक मारावी आणि ती नुसती हाक राहू नये. गावच्या जत्रेला जावे, मुलाच्या दहावीचे काय झाले ते विचारावे, काढलेले फोटो छापून पुढच्या खेपेला नेऊन द्यावेत. एकच खोरे धरून तीन-चार हिवाळे तिथेच फिरणारा माणूस त्या खोऱ्याबद्दल जे सांगू शकतो, ते शंभर गडांची यादी मिरवणाऱ्याला येत नाही. कोणी गडांचा आकडा विचारला की मी विषय बदलतो.

आपण ओघात उत्तराखंडातल्या केदारकांठा या हिमालयातल्या शिखराचाही उल्लेख केला आहे. तिथे जरूर जावे, पण सह्याद्रीतला एक हिवाळा अंगात मुरल्यावर. तिथली थंडी कोरडी आणि शून्याखालची असते, उंची सुमारे ३,८०० मीटरची, बर्फावर चालण्याचे तंत्र वेगळे. डोके दुखणे, मळमळ ही उंचीची लक्षणे लपवून चढत राहणे हीच तिथली सर्वांत मोठी चूक ठरते. पुण्याहून निघण्यापूर्वी पाठीवर दहा किलो घेऊन सिंहगड सलग तीन दिवस चढता-उतरता येत असेल, तर पायांची तयारी झाली असे समजावे. फुप्फुसांना उंचीची सवय मात्र तिथेच आणि सावकाश करावी लागते.

राहिला एकट्याने जाण्याचा प्रश्न. आतकरवाडीहून सिंहगड, रोजची टेकडी, लोहगडाची पायऱ्यांची वाट इथे एकट्याने जाण्यास हरकत नाही. घाटवाट, धारेवरचा लांब पल्ला किंवा ज्या वाटेवर आपण पूर्वी गेलेला नाहीत, तिथे किमान चौघे असावेत: एकाला लागले तर एकाने त्याच्यापाशी थांबायचे आणि दोघांनी मदतीला खाली जायचे. कितीही जण असलात तरी घरी एका कागदावर लिहून ठेवा: कोणत्या गावातून चढणार, कोणत्या वाटेने उतरणार, वाटाड्याचे नाव आणि फोन, सोबत्यांचे फोन, आणि किती वाजेपर्यंत तुमचा निरोप आला नाही तर ११२ वर फोन करायचा ती वेळ. ही वेळ ठरवताना दोन तास जास्तीचे धरा, कारण नाळेत आणि खोऱ्यात रेंज नसते, आणि उतरल्या उतरल्या आधी घरी फोन करा, चहा नंतर घ्या.